तुझ्या बापाचं पाणी

रविवार, १ फेब्रुवारी २०२६
वरळी

चंपाआत्या,

जयभीम. तू उलट जयभीम केला नाहीस तरी चालेल. फक्त पत्र फाडायच्या आधी एवढं वाच. तुझा माठ उगवलाय.

खोटं नाही सांगत. चाळ सोडून नव्या इमारतीत आलो तेव्हा आईने तुझा तो तेलाचा डबा बरोबर आणला. एक बाजू कापून तू गॅलरीत आडवा ठेवायचीस, तो. रुळांकाठच्या तुझ्या वाफ्यातली माती भरलेला. मी म्हटलं, वाळकी माती चौदाव्या मजल्यावर कशाला? आई म्हणाली, "तुझ्या डोक्यावर ठेवलाय का? राहू दे की." तेव्हापासून तो खिडकीच्या ग्रिलमध्ये पडून होता. पंधरा दिवसांपूर्वी टोमॅटो लावायचे म्हणून मी माती भिजवली. बी आणायला दादरला जायचं राहून गेलं. आणि पाचव्या दिवशी सकाळी बघते तर डबाभर लाल दोऱ्याची टोकं उभी!

माझ्या हातातला चहा तिथेच सांडला. खालच्या मजल्यावरून ओरड आली ती वेगळी. आत्या, तीन वर्षं त्या मातीला कोणी थेंब दाखवला नव्हता. बी इतके दिवस झोपून राहू शकतं हे मला पुस्तकातून माहीत आहे, परीक्षेत लिहिलंसुद्धा आहे. तरी मी फरशीवर बसून राहिले. दरवर्षी दोन झाडं तू न कापता तशीच ठेवायचीस आणि मी विचारलं की म्हणायचीस, "ती माझी नाहीत, पुढच्या सालाची आहेत." त्यांचंच बी असणार हे.

आता आमच्या ग्रिलमध्ये मिरची आहे, पुदिना आहे, दह्याच्या डब्यांत लसणाची पात आहे. सकाळी समुद्राकडून वारा येतो आणि सगळं एकदम हलतं. पात कापून आमटीवर घातली की अख्ख्या पॅसेजमध्ये वास जातो. कोथिंबीर तेवढी उगवत नाही. दोनदा पेरली, दोनदा फसले.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून आपल्या चाळीतल्या जाईबाईंकडून गावचा पत्ता घेतला. तू बोट ठेवून वाचतेस म्हणून अक्षर मोठं काढलंय. बाकीचं, जे खरं लिहायला हवं, ते अजून हातातून उतरत नाही.

तुझी
अक्षता


रविवार, १५ फेब्रुवारी

आत्या,

आज माठ कापला. उपटला नाही, तू शिकवलेलंस तसा दोन बोटं खोड ठेवून कापला. पाट्यावर लसूण ठेचला, दोन सुक्या मिरच्या, मूठभर सुकट भाजून घेतली आणि वरून भाजी. झाकण ठेवलं नाही, तू म्हणायचीस तसं, "झाकलीस तर काळी पडेल, मग मला बोलू नको." भाजी हातभर होती ती मूठभर झाली. भातावर घेतल्यावर भात गुलाबी. लहानपणी मी त्याला लग्नाचा भात म्हणायचे, तुला आठवत असेल. आईने कढई भाकरीने पुसून खाल्ली.

पप्पांनी ताट सरकवलं. म्हणाले, दात दुखतोय. आत्या, पालेभाजीला काय दात लागतात? मग मी आठवत बसले की पप्पांनी शेवटची पालेभाजी कधी खाल्ली. मला आठवेना. आईला विचारलं तर म्हणाली, "तीन वर्षं झाली. तू कधी बघितलंस ताटात त्यांच्या?"

तीन वर्षं म्हणजे कुठपासून, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तुला तर पाठ असेल. पण मला ते एकदा माझ्या हाताने लिहायचंय, कारण मी ते कधीच लिहिलेलं नाही.

आठ मार्च २०२३. महिला दिनाचा कार्यक्रम. मी शेवटच्या वर्षाला होते, घरातली पहिली पदवीधर होणार म्हणून माझा सत्कार होता. मी माझ्या प्रोजेक्टचा तक्ता भिंतीला लावला: रुळांकाठची भाजी आणि तिचं पाणी. पाण्यात मैल्याचे जंतू आहेत, शिसं आहे, ही भाजी म्हणजे विष आहे, असं मी माइकवरून म्हणाले. मागून कोणीतरी विचारलं, "चंपाची पण काय गं?" आणि मी म्हणाले, "विज्ञान नाती बघत नाही."

टाळ्या पडल्या, आत्या. मला त्या आवडल्या.

तू उठलीस, पदर खोचलास आणि दारातून म्हणालीस, "शिकली हो माझी पोर." मला वाटलं, टोमणा आहे. दुसऱ्या दिवसापासून तुझी पाटी भरलेली जायची आणि भरलेलीच परत यायची. महिना संपायच्या आत तू गावाला निघून गेलीस. मला वाईट वाटलं होतं, पण चुकलं असं वाटलं नव्हतं. हे कबूल करते. कालपर्यंत नव्हतं वाटलं.

आता मी लोअर परळच्या एका लॅबमध्ये कामाला आहे. दिवसभर दुसऱ्यांचं अन्न तपासते. उद्या डब्यातली मूठभर माती आणि थोडी पानं घेऊन जाणार आहे. आधी तपासायला हवं होतं, मग खायला, हे मला कळतं. पण तो वास आला आणि माझ्याने थांबवलं नाही.

अक्षता


शुक्रवार, २० फेब्रुवारी

आत्या,

काही नाही त्यात.

पुन्हा मशीनवर लावलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा माझ्या सिनियर मॅडमनी स्वतः लावलं. मातीत शिसं जवळजवळ नाहीच, पानांत तर नाहीच नाही. मॅडम म्हणाल्या, "इतकी छान माती कुठून आणलीस?" मी सांगितलं, रुळांकाठची. त्या हसल्या. म्हणाल्या, शक्यच नाही.

तुला समजावून सांगते. तीन वर्षांत जंतू मरून जातात. शिसं मरत नाही, मातीत आलं की बसून राहतं. त्या खड्ड्याचं पाणी तू वर्षानुवर्षं घातलं असतंस तर आज ते मातीत दिसलंच असतं. म्हणजे तू ते पाणी घातलंच नाहीस.

आत्या, मी तेव्हा पाणी तपासलं होतं. पान तपासलं नव्हतं. माती तपासली नव्हती. पाणी घाण म्हणून भाजी घाण, असा हिशेब मी मनातच केला आणि माइकवरून सांगितला.

मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

अ.


रविवार, २२ फेब्रुवारी

आत्या,

प्रोजेक्टची वही काढली. माळ्यावर होती, सत्काराच्या शालीत गुंडाळलेली. तुझं पान बत्तीस नंबरचं. वरती तुझं नाव, वय, वाफ्याची लांबी. खाली एक रकाना आहे, "पाण्याचा स्रोत". त्यापुढे माझ्या सुंदर अक्षरात लिहिलंय, "माहिती देण्यास टाळाटाळ."

ती सकाळ मला आता लख्ख आठवते. तू मुळ्याच्या जुड्या बांधत होतीस. मी पेन घेऊन उभी. विचारलं, "आत्या, पाणी कुठलं घालतेस?" तू मान वर न करता म्हणालीस, "तुझ्या बापाचं." मी म्हटलं, "नीट सांग ना, मार्क आहेत याला." तर तू म्हणालीस, "नीटच सांगतेय. तुझ्या बापाचं पाणी आहे, लिही." शेजारच्या वाफ्यातला माणूस मोठ्याने हसला. मला राग आला. मला वाटलं, चारचौघांत माझी टिंगल केलीस. म्हणून मी टाळाटाळ लिहिलं, आणि तुझ्या वाफ्याच्या कडेला जो खड्डा होता त्यात बाटली बुडवली. वरच्या अंगाला बॅटऱ्या फोडायचे, त्यांचं पाणी उतरायचं तो खड्डा. बाकीचे सगळे तिथूनच डबे भरायचे, मग तूही भरत असणार!

तुझं निळं पिंपही होतं की तिथे. त्याला कुलूप होतं. पाण्याच्या पिंपाला कुलूप कोण लावतं? मला वाटलं, आत फवारणीचं औषध लपवलं असशील.

संध्याकाळी नवव्या मजल्यावर जाईबाईंकडे गेले. त्या वाल सोलत होत्या. मला म्हणाल्या, "बस गो, सोलू लाग." चार शेंगा सोलल्यावर मी विचारलं, त्या पिंपात काय होतं?

"काय असणार? पाणी. ते दुसरे चोरायचे म्हणून कुलूप."

"पण पाणी यायचं कुठून?"

"गटाराकडून नाही यायचं, एवढं मी बघितलंय. मी दुधाला जायची तेव्हा चंपा रोज समोरून यायची, तुझे पप्पा कामाला होते त्या टॉवरच्या बाजूने. दोन्ही हातात कॅन. आणि पन्नास पावलं पुढे शामराव, सायकलला आणखी दोन कॅन. जशी काय ओळखच नाही भावाबहिणीची. मला वाटायचं, भांडण झालंय की काय दोघांचं."

शेंग माझ्या हातातून पडली.

"जाईबाई, तुम्ही त्या दिवशी कार्यक्रमाला होतात. बोलला का नाहीत?"

"तू शिकलेली, तक्ता लावलेला. मला वाटलं, नळाच्या पाण्यात पण काहीतरी सापडलं असेल तुम्हाला."

आत्या, मला हे पत्र पुढे लिहिता येत नाही.

अक्षता


रविवार, १ मार्च

आत्या,

आठवडाभर मी पप्पांशी बोलू शकले नाही. आईला विचारलं, तर तिने पोळपाटावरून मान वर केली नाही. "मला नको विचारू. मी डबा आणला, माझं काम झालं." म्हणजे तीही हे पोटात धरून होती.

आज सकाळी उठले तर पप्पा ग्रिलपाशी. तांब्या घेऊन एकेका कुंडीत बोट खुपसून बघत होते आणि पाणी घालत होते.

"रोज घालता?"

"तू जास्त घालतेस. मुळं कुजतील."

"पप्पा, आत्याचं पाणी कुठलं होतं?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "तू विचारलं होतंस की तिला."

"हो."

"मग काय म्हणाली?"

"तुझ्या बापाचं पाणी."

"मग?" पप्पा म्हणाले.

एवढंच. मग? आत्या, कोणी कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं. तीन वर्षं मी ज्याला टोमणा समजत होते तो पत्ता होता. नाव, गाव, सगळ्यासकट. आणि मी लिहिलं, टाळाटाळ.

मग ते बोलले, रोपांकडे बघतच. ते ज्या टॉवरच्या पंपावर कामाला होते, तिथली वरची टाकी पहाटे भरली की जादाचं पाणी पाइपातून खाली यायचं आणि गटारात जायचं. पिण्याचं पाणी. ते चार कॅन धरायचे. दोन तू न्यायचीस, दोन ते पिंपात ओतून यायचे. सोसायटीला कळलं असतं तर त्याच दिवशी कामावरून काढलं असतं. वॉचमनला एका कॅनसाठी काढलं होतं म्हणे.

"तुझं शेवटचं वर्ष होतं," पप्पा म्हणाले.

मी म्हटलं, "पण त्या दिवशी तुम्ही हॉलमध्ये होतात. पहिल्या रांगेत."

"होतो."

"आत्याने तुमच्याकडे बघितलं असेल."

"बघितलं. मी मान हलवली."

"कशी?"

त्यांनी करून दाखवली. इतकीशी, डावीकडून उजवीकडे. नको म्हणून. तू उठलीस, पदर खोचलास आणि माझं कौतुक करून निघून गेलीस. कारण ते कौतुकच होतं, हो ना? आज मला तेही ऐकू आलं.

पप्पा गेल्या दिवाळीत निवृत्त झाले. मी म्हटलं, आता तर कोणी काढणार नव्हतं, मग बोलला का नाहीत? ते म्हणाले, "सवय लागली गप्प बसायची." आणि आत जाऊन त्यांनी टीव्ही लावला, आवाज न लावता.

दर वीस मार्चला तूच मला महाडला न्यायचीस. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसवून ओंजळ भरायला लावायचीस. पाण्यावरून माणसाला हिणवणं म्हणजे काय, हे मला तूच सांगितलंस, मी सहा वर्षांची असताना. आणि आपल्याच लोकांत उभं राहून मी तुझ्या पाण्याला घाण म्हटलं. भर सभेत. शाल पांघरून.

येत्या आठ तारखेला पुन्हा कार्यक्रम आहे. यंदा मला पाहुणी म्हणून बोलवलंय. मी तिथे सगळं सांगणार आहे, पण तुझी परवानगी हवी. पप्पांचंही नाव घ्यावं लागेल. उत्तर पाठव. एक ओळ चालेल.

अक्षता


शुक्रवार, ६ मार्च

आत्या,

तुझं कार्ड आलं. मी ते लिफ्टमध्येच वाचलं आणि चौदाव्याऐवजी एकोणिसाव्या मजल्यावर उतरले.

तीन ओळी. "धणे फोडून पेर. चपलेखाली. बापाचं नाव काढू नको."

चपलेखाली! खाण्याची वस्तू! मी किंचाळले तर आई म्हणाली, "मग? ती तशीच रगडायची. अख्खा धणा कधी उगवतो का? त्याचे दोन करावे लागतात." आत्या, मी चप्पल साबणाने धुतली, मग गरम पाण्याने धुतली, मग फोडले. तू हसशील.

पण तिसरी ओळ. पप्पांनी तुला मानेने गप्प केलं आणि तू अजून त्यांचीच राखण करतेस. मला कळत नाही, रडू की तुझ्याशी भांडू. ठीक आहे. तू सांगतेस तसंच करीन. माझी चूक सांगीन, पाणी कुठलं ते सांगणार नाही. या वेळेला तुझं उत्तर तू दिलंस तसंच धरणार आहे.

अक्षता


शुक्रवार, १३ मार्च

आत्या,

रविवारी काय झालं ते आधी सांगते, कारण दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत माझ्याकडून कळलं पाहिजे. मी तुझा शब्द मोडला नाही.

हॉल नवा आहे, फरशी चकचकीत, पंखे भरपूर. बायका त्याच. मी तोच जुना तक्ता घेऊन गेले, कडा कुरतडलेला. लावला. आणि म्हणाले, हा चुकीचा आहे. मी खड्ड्याचं पाणी तपासलं आणि ते चंपाआत्याचं आहे असं सांगितलं. ते तिचं नव्हतं. तिची भाजी मी तपासलीच नव्हती. आता तपासली. स्वच्छ आहे. तुम्ही माझ्या शब्दावर तिची पाटी परत पाठवलीत, त्यात तुमचं काही चुकलं नाही, माझं चुकलं.

टाळ्या नाहीत. मग मागून कोणीतरी, "मग पाणी होतं तरी कुठलं? आभाळातून पडायचं काय?" सगळ्या हसल्या.

तुझं कार्ड माझ्या मुठीत होतं, घामाने ओलं झालेलं. "ते मी सांगू शकत नाही," म्हटलं. मग कुजबुज. एकीने शेजारणीला सांगितलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, "बघ, म्हणजे काहीतरी असणार." आत्या, त्या क्षणी मला कळलं की तीन वर्षांपूर्वी तू कशी उभी होतीस. खरं तोंडात आणि तोंड बंद.

आणि दारातून आवाज आला, "माझं होतं."

पप्पा. खुर्च्या लावायला म्हणून खाली आले होते, ते गेलेच नव्हते.

"जोरात बोला हो शामराव!"

"माझं पाणी होतं. मी पंपावर होतो तिथल्या टाकीचं. वाहून जायचं ते. पिण्याचं. मी चंपाला द्यायचो. आणि इथे, या पोरीचा सत्कार होता त्या दिवशी, तिला मीच गप्प बसवलं. मान हलवून." आणि आत्या, त्यांनी ती मान सगळ्यांसमोर पुन्हा हलवून दाखवली. इतकीशी.

पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "म्हणजे चोरीचंच की." पप्पा म्हणाले, "हो." मग जाईबाई उठल्या. "म्हणजे तीन वर्षं मी बाजारातली ती पाणचट मेथी खाल्ली, ती उगाच? शामराव, तुमच्या मानेने माझ्या जिभेचं वाटोळं केलंत." लोक हसले. सगळे नाही.

घरी आल्यावर पप्पांनी आईला विचारलं, "भाजी आहे का थोडी?" दुसऱ्या कापणीचा माठ होता, चार घास. त्यांनी भात गुलाबी होईपर्यंत कालवला आणि खाली बघून खाल्ला. आईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

वीस तारखेच्या महाडच्या गाडीत त्यांनी स्वतः जाऊन नाव लिहिलंय. तू दरवर्षीसारखी तळ्यावर येशील ना, असं मला तीनदा विचारून झालं. आज त्यांनी जुना कॅन घासून ग्रिलमध्ये उपडा वाळत घातला. मी म्हटलं, आता यातून काय नेणार? म्हणाले, "रिकामाच नेतो. तिला म्हणीन, तुझ्या विहिरीचं दे. नाही दिलं तर रिकामा आणीन."

तू दे किंवा नको देऊस, ते तुझं तू ठरव. मीही येतेय. जुडी घेऊन येईन, पण पुढे येणार नाही. तू हाक मारलीस तरच.

धणे उगवलेत, आत्या. आज सकाळी. प्रत्येक अर्ध्यातून एकेक.

आणि वहीचं बत्तिसावं पान मी दुरुस्त केलं. जुनं खोडलं, पण वाचता येईल असं खोडलं. आता तिथे असं आहे:

पाण्याचा स्रोत: माझ्या बापाचं पाणी. माहिती पहिल्याच विचारणेला मिळाली होती.

तुझी
अक्षता